चौथा रकाना

सोन्याला काटा असतो तसा इतिहासालाही असता, तर सराफकट्ट्यावरचे निम्मे व्यवहार जागच्या जागी मोडले असते, असं माझं ठाम मत आहे. मी बी.कॉम. असून २० वर्षं बँकेत सोनेतारणाच्या टेबलाशेजारी बसतो. ठाम मतं बाळगायला तिथे भरपूर सवड मिळते.

औंधसारख्या गावात आजीच्या डब्यातून पुतळ्यांची माळ निघते. नातसून ती सराफापुढे ठेवते. "काका, हे मोडून नेकलेस करा. डिझाइन टीव्हीतलंच हवं हं!" काका कड्या कापतात, घट धरतात आणि पुतळ्या मुशीत टाकतात. पुतळीवर गुडघे टेकून बसलेला तो गृहस्थ कोण, हे कुणी विचारतच नाही.

तो व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. १२८४ पासून १७९७ साली ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत साडेतीन ग्रॅमचं हे नाणं पाडलं जात होतं. व्यापारातून ते आपल्याकडे आलं आणि बायकांच्या गळ्यात पडलं. पुढे आपल्या कारागिरांनी त्याच्या नकलाही पाडल्या. म्हणजे तुमची पुतळी नक्कल असली तरी तिला घराणं आहेच!

तिचा चुलतभाऊ म्हणजे डच डुकाट. त्यावर हातात बाणांची जुडी घेतलेला चिलखती शिपाई. हॉलंड, झीलंड, उट्रेख्त अशा प्रांतांच्या टांकसाळी निरनिराळ्या, पण शिपाई एक आणि वजन एक. संग्राहक भिंग लावून नाण्यावर प्रांताची आद्याक्षरं शोधतात. आपण त्यांना हसतो. पण त्या प्रांतांचं नाण्यावर एकमत झालं. आमच्या वाड्यातल्या चार बिऱ्हाडांचं अजून नळावर होत नाही. या डचांची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यात होती. तिची पडकी भिंत आजही उभी आहे.

आता तुम्ही म्हणाल, "इतिहासानं पोरीचं लग्न होतं का?" नाही होत. अडचण आली तर खुशाल विका. पण आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, जाणत्याला दाखवा आणि नाणं म्हणून विका. कडी लावलेल्या नाण्याचा भाव उतरतो हे खरं, पण मुशीत गेलेलं नाणं नाणंच राहत नाही.

संग्राहकांनाही दोन शब्द सुनावतो. मुशीतलं नाणं आणि लॉकरमधलं नाणं यांत फरक एवढाच, की दुसऱ्याचं भाडं भरावं लागतं! दोन्ही कुणाला दिसत नाहीत. आमच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडलं. रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं शिल्प, सगळं चार लोकांना बघायला ठेवलं. त्या कॅनव्हासला काट्यावर किती भाव आला असता? १९४८ साली संस्थान विलीन झालं, संग्रह मात्र डोंगरावरच राहिला. धोतरातला शेतकरी आणि सहलीला आलेली पोरं आजही तो बघतात. हौस करावी तर अशी!

तारणाच्या फॉर्मवर वजन, घट आणि कस असे तीन रकाने असतात. माझी मागणी चौथ्याची आहे: 'हे आलं कुठून?' तो भरायला पैसा लागत नाही. फक्त आजी आहे तोवर तिला विचारावं लागतं.