नाकातील वस्तीचा तोल

नवरात्राचे दिवस आले की भंडारा जिल्ह्याचे रूप पालटते. बांध्यांतील धान निसवते, तलावांच्या पाळींवर आणि धुऱ्यांवर गवत फुलोऱ्यावर येते, पडीक जागी गाजर गवताची पांढरी फुले डोलू लागतात. पुढे दिवाळीच्या मागेपुढे कापणी होते, धानाचे पुंजणे रचले जाते आणि मळणीच्या यंत्रातून तणसाचा धुरळा उडतो. याच सुमारास काही घरांत शिंकांची माळ सुरू होते. सकाळी उठताच शिंका, नाकातून पाण्याची धार, डोळ्यांना खाज. मग पोराला औषधाच्या दुकानात पाठविले जाते. दुकानदार चार गोळ्या देतो. त्यांत अनेकदा एक प्रतिजैविकाची, म्हणजे घरोघरी जिला अँटिबायोटिक म्हणतात तिची असते. दोन दिवसांनी बरे वाटले की उरलेल्या गोळ्या फडताळात जातात, पुढच्या शिंकेची वाट पाहत.

या सवयीचा फेरविचार होणे आवश्यक आहे. ही सर्दी जंतूंच्या संसर्गाची नव्हे. इंग्रजीत तिला हे फीवर म्हणतात; पण तिचा गवताच्या गंजीशी फारसा संबंध नाही आणि तिच्यात तापही नसतो. लंडनमधील डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच दुखण्याचे वर्णन करून ती प्रथम वैद्यकाच्या नजरेस आणली. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून १८७३ मध्ये पराग हे तिचे कारण असल्याचे दाखविले. निरुपद्रवी परागकण नाकात शिरतो आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला शत्रू समजते. मग हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते. शिंका, खाज आणि पाणी ही त्याचीच फळे. परागाप्रमाणेच घरातील धूळ आणि ओल्या तणसावरील बुरशीही असाच त्रास देऊ शकते. परागावर वा धुळीवर प्रतिजैविक काय करणार?

ब्लॅकली यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. परागाशी ज्याचा सर्वाधिक संबंध येतो त्या शेतकरी वर्गात हा विकार क्वचितच आढळतो. हे कोडे शतकाहून अधिक काळ तसेच पडून राहिले. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमधील सतरा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास करून दाखविले की, ज्यांना थोरली भावंडे अधिक, त्यांना या सर्दीचा त्रास कमी. पुढे युरोपात झालेल्या अभ्यासांत गोठ्याशेजारी वाढलेल्या मुलांमध्येही हा विकार कमी दिसला. बालपणी नाना प्रकारच्या सूक्ष्मजीवांशी ओळख झाली, तर शरीर शत्रू आणि सोबती यांतील भेद लवकर शिकते, असा या निरीक्षणांचा अर्थ लावला जातो. अर्थात यावरून अस्वच्छता हीच गुणकारी, असा निष्कर्ष काढणे अविचाराचे होय. गढूळ पाणी आणि चुलीचा धूर यांनी आजारच होतात.

या सूक्ष्मजीवांपैकी काही तर मनुष्याच्या नाकातच कायमचे राहतात. नाक हे रिकामे दालन नसून तेथे एक नांदती वस्ती आहे. तिच्यातील स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आणि कोरिनेबॅक्टेरियम यांसारखे रहिवासी बहुधा शांत असतात. सुमारे तीन माणसांपैकी एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा उपद्रवी पाहुणाही आढळतो. त्याची काही विषद्रव्ये ॲलर्जीची आग भडकवू शकतात. त्याला आवर घालणारेही शेजारीच असतात. एपिडर्मिडिसचे काही वाण त्याला पाय रोवू देत नाहीत, हे जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. जर्मनीतील ट्युबिंगन येथे २०१६ मध्ये मानवी नाकातील एका जिवाणूने स्वतःच बनविलेले प्रतिजैविकही सापडले. २०२३ मध्ये 'नेचर मायक्रोबायोलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, ॲलर्जीची सर्दी असलेल्यांच्या नाकातील वस्तीचे वैविध्य घटलेले होते आणि स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हेरियस हा जिवाणू बळावला होता. तो नाकाच्या अस्तराला चिकटून दाह वाढवितो, असेही तेथे आढळले.

तथापि याचा अर्थ जिवाणू हेच या विकाराचे मूळ, असा घेता येत नाही. मूळ कारण परागच. सुजलेल्या, ओलसर नाकात वस्तीचा तोल ढळतो आणि ढळलेला तोल सूज वाढवितो, असे हे दुहेरी चक्र आहे. प्रतिजैविकाची गोळी या चक्रात शिरते तेव्हा ती उपद्रवी आणि उपकारक असा भेद करीत नाही. शिवाय अर्धवट घेतलेल्या औषधांना जुमानत नाहीत असे जंतू पोसले जातात. उद्या खऱ्या न्यूमोनियात तेच औषध निकामी ठरते. एका शिंकेसाठी मोजलेली ही किंमत आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ ने अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारावर बंधनकारक केले. परंतु ग्राहकच चिठ्ठीवाचून मागू लागला, तर कायदा किती पुरणार?

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते महागही नाही. मळणीच्या वेळी नाकातोंडाला स्वच्छ उपरणे वा मास्क बांधावा. घरी येताच कपडे बदलून तोंड धुवावे. गाजर गवत फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून, गावाने मिळून उपटावे. जलनेतीसारख्या मिठाच्या पाण्याने नाक धुण्याने अनेकांना आराम पडतो. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, तलावाचे वा नळाचे थेट पाणी नको. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲलर्जीरोधक गोळी वा नाकातील स्टिरॉइड फवारा घ्यावा. पिवळा घट्ट शेंबूड, ताप, चेहऱ्याची एका बाजूची वेदना किंवा धाप अशी लक्षणे दिसली तर मात्र विलंब न करता डॉक्टर गाठावा. तेथे प्रतिजैविकाचा निर्णय त्यांचा.

मालगुजारी तलावांच्या काठी वाढलेल्या जिल्ह्याला हे समजणे कठीण नाही. तलावातील मासे, गाळ आणि वनस्पती यांचा मेळ बिघडला की पाणी नासते, हे येथील शेतकरी जाणतो. नाकातील वस्तीचेही तसेच आहे. यंदाच्या मळणीला फडताळातील जुन्या गोळ्या बाहेर काढण्याऐवजी उपरण्याची गाठ घट्ट बांधली, तरी पुष्कळ साधेल.