फुटलेला आमदार आणि न विचारलेला मतदार



इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत महाराष्ट्रातल्या आमदारांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "अहो, जर्मनीत असले प्रकार होत नाहीत. इथला माणूसच शिस्तीचा." हे वाक्य खोटे तर आहेच, शिवाय आळशीही आहे. एकदा माणसांच्या रक्तावर खापर फोडले की नियमांकडे बघायला नको!

१९७२ साली बॉनच्या संसदेत विली ब्रांट यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव दोन मतांनी फसला. विरोधी पक्षाच्या एका खासदाराला पूर्व जर्मनीच्या हेरखात्याने ५०,००० मार्क दिल्याचे पुढे उघड झाले. खोकी म्हणा, पाकिटे म्हणा. मी राहतो त्या नीडरझाक्सन राज्यात १९७६ साली एसपीडी-एफडीपी आघाडीकडे एका मताचे बहुमत होते. गुप्त मतदानात त्यांचीच काही मते फुटली आणि सीडीयूचे एर्न्स्ट आल्ब्रेष्ट (उर्सुला फॉन डेर लायेन यांचे वडील) मुख्यमंत्री झाले. फुटलेले कोण, हे आजतागायत कळलेले नाही. आमदार इथेही माणसेच आहेत, आणि माणसे फुटतात. फुटल्यावर पुढे काय होते, हे बघायचे.

याच राज्याच्या सतराव्या लांटागचे उदाहरण घ्या, कार्यकाळ २०१३ ते २०१७. (लांटाग म्हणजे आपली विधानसभा. विधान परिषद इथे कोणत्याच राज्यात उरलेली नाही. बवेरियात एक वरचे सभागृह होते, तेही लोकांनी १९९८ च्या सार्वमतात मोडीत काढले.) एकूण सदस्य १३७. एसपीडी ४९ आणि ग्रीन २०, म्हणजे सरकारकडे ६९. सीडीयू ५४ आणि एफडीपी १४, म्हणजे विरोधात ६८. एका मताच्या या बहुमतावर श्टेफान वाइल यांनी साडेचार वर्षे राज्य चालवले. ना कुणाला हॉटेलात कोंडले, ना विमानाने कुठे नेले.

४ ऑगस्ट २०१७ रोजी ग्रीन पक्षाच्या एल्के ट्वेस्टेन यांनी पक्ष सोडून सीडीयूत जाण्याची घोषणा केली. पुढच्या निवडणुकीसाठी त्यांच्या मतदारसंघात पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली होती. त्या निवडून आल्या होत्या पक्षाच्या यादीतून, म्हणजे मतदाराने त्यांच्या नावावर नव्हे, ग्रीन पक्षावर खूण केली होती. जागा परत करा, अशी ओरड झाली. त्यांनी केली नाही. कायद्याने करावी लागतही नाही, कारण आमदार फक्त आपल्या सदसद्विवेकाला बांधलेला, असे इथली राज्यघटना मानते. पक्षांतरबंदी कायदा नाही. व्हिप मोडला म्हणून कुणाची आमदारकी जात नाही.

आता गणित बघा. सीडीयू आणि एफडीपी मिळून ६९ झाले. आपला मुख्यमंत्री निवडून वाइल यांना घरी पाठवण्याइतके हे संख्याबळ होते. शिवाय त्याच आठवड्यात वाइल यांचे एक जुने भाषण आधी फोक्सवागन कंपनीला दाखवले गेल्याच्या प्रकरणाने त्यांना घेरले होते. आपल्याकडे अशा वेळी काय झाले असते, हे सांगायला हवे का?

इथे सर्व पक्षांनी मिळून २१ ऑगस्टला लांटाग विसर्जित केली आणि जानेवारी २०१८ ची निवडणूक १५ ऑक्टोबर २०१७ वर आणली. हे साधुत्व नव्हते. मुदत तशीही संपत आली होती, आणि जनमत चाचण्यांत सीडीयू पुढे होती. प्रत्यक्षात एसपीडी ३६.९ टक्क्यांवर, सीडीयू ३३.६ वर. १९९८ नंतर प्रथमच एसपीडी राज्यात पहिल्या क्रमांकावर आली. ट्वेस्टेनबाई नव्या सभागृहात नव्हत्या. मुख्यमंत्री पुन्हा वाइल, आणि गंमत म्हणजे सोबतीला सीडीयू! माझ्याकडे तेव्हा भारतीय पारपत्र असल्याने मला मत नव्हते. ज्यांना होते त्यांना अडीच महिन्यांत विचारले गेले, एवढे मी पाहिले.

आता आपली चौदावी विधानसभा. ऑक्टोबर २०१९ चा निकाल : भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. पुढच्या पाच वर्षांत या सभागृहाने तीन मुख्यमंत्री पाहिले. चारही मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत बसले. अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ तीनदा घेतली. २० जून २०२२ ला विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. ३० जूनला ते मुख्यमंत्री झाले. २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चुकीचे होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितले. पण ठाकऱ्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिलेला, म्हणून घड्याळ मागे फिरवता येत नाही. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी सेनेचा आणि १५ फेब्रुवारीला राष्ट्रवादीचा निकाल दिला. दोन्हींत अपात्र आमदार : शून्य.

आणि हे सगळे झाले जगातल्या कडक पक्षांतरबंदी कायद्यांपैकी एकाच्या छत्राखाली. १९८५ च्या दहाव्या अनुसूचीने एकतृतीयांशांना फुटायची मुभा दिली होती. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती काढली, पण दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली. किरकोळ विक्रीला बंदी, घाऊकला परवाना. मग त्याहून रुंद वाट सापडली : आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच पक्ष! न्याय कोण करणार? अध्यक्ष, ज्याला त्याच बहुमताने निवडले. अपात्र आमदाराला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येत नाही, अशी तरतूदही २००३ मध्ये झाली. उत्तम तरतूद. फक्त आधी कुणीतरी अपात्र ठरायला हवे ना!

एका निरीक्षणावरून नियम काढू नये, हे माझ्या धंद्यात पहिल्या वर्षीच शिकवतात. तेव्हा उलटा पुरावाही देतो. ट्युरिंगन राज्याची निवडणूक महाराष्ट्राच्या निकालानंतर तीनच दिवसांनी, २७ ऑक्टोबर २०१९ ला झाली. ५ फेब्रुवारी २०२० रोजी ९० सदस्यांच्या लांटागमध्ये पाच आमदारांच्या एफडीपीचे केमेरिष हे एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या मतांवर ४५ विरुद्ध ४४ असे मुख्यमंत्री झाले. देशभर संताप उसळला, तीन दिवसांत राजीनामा आला. लवकर निवडणूक घेण्याचे ठरले, ती एकदा पुढे ढकलली, आणि २०२१ च्या जुलैत विचारच सोडला, कारण विसर्जनाला लागणारी मते भरवशाची नव्हती. बोडो रामेलो यांचे अल्पमतातले सरकार २०२४ पर्यंत रेटले गेले. त्या वर्षीच्या निवडणुकीत एएफडी ३२.८ टक्क्यांसह पहिली आली. एकामुळेच दुसरे झाले असे मी म्हणत नाही; मतदाराला शब्द देऊन तो मोडला, एवढे नोंदवतो.

माझी मागणी साधी आहे. आमदाराला पक्ष सोडू द्या, विधेयकांवर मनाप्रमाणे मत देऊ द्या. पण फुटीने सरकार पडले तर नवे सरकार सभागृहातल्या बेरजेतून नको, सहा महिन्यांत निवडणुकीतून यावे. तोवर फुटलेल्याला मंत्रिपद नाही.

पुरोगाम्यांनो, हे आपल्यालाही लागू. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी वसंतदादांचे सरकार पाडले, तेव्हा त्या पुलोद मंत्रिमंडळात भाई वैद्य, सदानंद वर्दे यांच्यासारखी आपली सज्जन माणसे बसली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव त्याच सरकारच्या काळात झाला. काम चांगले, म्हणून सरकार आणण्याची रीतही चांगली, असे होत नाही. २०१९ च्या महाविकास आघाडीने आपल्याला आनंद झाला. अख्ख्या पक्षाने उघडपणे केलेली आघाडी आणि रात्रीचे पलायन यांत मी फरक करतो. पण युती म्हणून मत दिलेल्याला तेव्हाही कुणी विचारले नव्हते, हे कबूल करायला आपली जीभ का अडते?

राहिला शेवटचा आक्षेप : "लोकांनी २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले, आता काय रडता?" केले खरे. नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. पण त्याआधी पाच महिने, लोकसभेत, त्याच महाराष्ट्राने ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला दिल्या होत्या. मधल्या काळात लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा १५०० रुपये येऊ लागले होते, आणि बरेच काही घडले होते. पाच महिन्यांत ज्या मतदाराचा कौल एवढा हलतो, त्याचे जून २०२२ मधले मत नोव्हेंबर २०२४ च्या आकड्यांवरून काढायला निघणाऱ्याला मी माझ्या प्रयोगशाळेत मोजमाप करू देणार नाही.