मालक, चहा तुम्हीच ठेवा

बीडीएसएमच्या मंडळींत एक प्राणी हमखास सापडतो: चोवीस तास मालक. रात्री दोघांनी ठरवून मांडलेला डाव या गृहस्थांना सकाळच्या पोह्यांनाही पुरवायचा असतो. दोरी, पट्टा, गुडघ्यांवर बसणं यावर माझं काही म्हणणं नाही. पण जोडीदारणीनं कुठल्या मैत्रिणीला भेटायचं, पगार कुणाच्या खात्यात टाकायचा, चहा कुणी ठेवायचा, हेही म्हणे 'आज्ञे'तच येतं. हटकलं की धीरगंभीर स्वरात उत्तर मिळतं, "ही आमची जीवनशैली आहे." अहो स्वामी, जीवनशैली कसली? हे तर तुमच्या पणजोबांचं घर! फक्त त्यांना त्यासाठी काळं लेदर विकत घ्यावं लागलं नव्हतं.

सोवळ्यातल्या मंडळींनी लगेच टाळ्या पिटू नयेत. मी तुमच्या बाजूची नाही. आपल्या वात्स्यायनानं कामसूत्रात प्रहारांवर अख्खा अध्याय लिहिला आहे. कुंतलाच्या शातकर्णी सातवाहनानं भर शृंगारात महादेवी मलयवतीचा जीव कसा घेतला, तेही त्यातच नोंदवलं आहे. सातवाहन म्हणजे पैठणचं घराणं, परके नव्हेत. आवेगाला लगाम लागतो हे त्या ऋषीला कळलं होतं. त्याच लगामाचं 1983 मध्ये न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांच्या एका संघटनेनं 'सुरक्षित, शहाणपणाचं आणि संमतीचं' असं सूत्र बांधलं. म्हणून तर खेळात सेफवर्ड असतो. 'रेड' म्हटलं की हात थांबतो, दोर सुटतो. मग पाणी, पांघरूण, विचारपूस. अफझलखानाचं काम करणारा नट मेकअप पुसून घरी जातो. शेजाऱ्याला मिठी मारायला धावत नाही. आमच्या मालकांचा मेकअप मात्र उतरतच नाही.

आता ज्याच्या आडनावावरून 'मॅसोकिझम' आलं, त्या साखर-माझोखकडे बघा. 1869 मध्ये त्यानं फॅनी पिस्टरशी रीतसर करार केला: मी तुझा गुलाम. पण मुदत? सहा महिने. शिवाय रोज सहा तास लेखनासाठी मोकळे, आणि बाईसाहेबांनी त्याची पत्रं वाचायची नाहीत. काय बेरकी गुलाम! कामाचे तास राखले, खासगीपणा राखला, शेवटची तारीखही ठरवून घेतली. मला हा करार फार आवडतो. जगाच्या पाठीवर इतक्या सवलती मिळालेला गुलाम दुसरा दाखवा.

पुढे स्वारीनं लग्न केलं आणि मुदत नावाची चीजच विसरली. बायकोनं त्याच्या कादंबरीतल्या नायिकेचं नाव घेतलं, वांडा. 1906 मध्ये, तो गेल्यावर, तिनं आत्मकथन छापलं. तिच्या सांगण्याप्रमाणे नवऱ्याचा धोशा एकच: फर घाल, चाबूक उचल, माझ्यासमोर प्रियकर शोध. तिला हौस होती का? छे! घरात पोरं, डोक्यावर पैशांची चिंता, आणि त्यातून या गुलामाची सरबराई. गुडघ्यांवर तो, राबत होती ती. तेव्हा कोण उभं आणि कोण वाकलेलं, यावर जाऊ नका. डाव कुणाच्या मर्जीनं चालू राहतो आणि कुणाच्या शब्दानं थांबतो, तेवढं बघा.

चोवीस तासवाल्यांना मी एकच प्रश्न विचारते. दुपारी चार वाजता, अंगावर साधी साडी आणि हातात विजेचं बिल असताना, ती "नाही, हे मला पटत नाही" म्हणाली तर काय होतं? बहुतेक महाराज इथे तत्त्वज्ञानात शिरतात. समर्पण, विश्वास, आत्मविलोपन! विजेचं बिल राहतं तिथेच.

आणि तो सही केलेला 'गुलामीचा करार' जपून ठेवला असेल, तर एक माहिती देऊन ठेवते. बाईचा पगार काढून घेणं, तिला खर्चाला मोताद करणं, याला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळ म्हणतात. त्या कायद्याखाली कोर्टात अर्ज झाला की तुमची सार्वभौम पदवी बाहेरच्या बाकावर ठेवावी लागते. कागदावर तुम्ही फक्त 'सामनेवाला'. आणि तारखेला हजर राहण्याची आज्ञा पाळावी लागते, बरं का, मालक.