सभागृहांतील धूर

अलिबागचें पीएनपी नाट्यगृह २०२२ सालीं आगींत सांपडलें. अशा प्रसंगीं ज्वालेहून धूरच बहुधा अधिक घातक ठरतो. चुलीचा धूर कौलांतून सहज निघून जातो; उंच सभागृहांत मात्र तो चढतां चढतां भोवतालची हवा ओढून फुगतो, छताशीं सांचतो आणि मग प्रेक्षकांवर उतरूं लागतो. म्हणून छतास झडपा किंवा पंखे हवेत आणि खालून ताज्या हवेस वाटही हवी. तिच्यावांचून धूर नीट बाहेर पडत नाहीं. शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहांत ३० डिसेंबर १९०३ रोजीं रंगमंचावरील छताच्या झडपा बंद होत्या. सहाशें माणसें दगावलीं, त्यांत स्त्रिया व मुलें फार. मुलांबाळांसह नाटकास जाणाऱ्या आपण सर्वांनीं व्यवस्थापकांस एवढें अवश्य विचारावें, असें आम्हांस वाटतें: धुराची वाट कोठें आहे, आणि ती उघडते काय?