श्वास कोंबू नका!

यंदा आमच्या घरात दिवाळीआधीच एक फटाका वाजला. अमेरिकेत ओहायोला असलेल्या माझ्या भाच्याने फोनवर जाहीर केले की, आपल्या जुन्या माझ्दा आरएक्स-७ गाडीला तो टर्बोचार्जर बसवणार. मी म्हणालो, "नको." तो म्हणाला, "मामा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

प्रश्न रास्त आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. स्कूटरपेक्षा वेगवान वाहन माझ्या मालकीचे कधी झाले नाही. पण दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत मी त्याच्याकडे गेलो होतो आणि त्या गाडीचे उघडलेले इंजिन या डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हापासून त्याविषयी मिळेल ते वाचीत आलो. म्हणून हे घरचे भांडण, वाचकहो, आज चारचौघांत आणतो.

या इंजिनात वरखाली होणारा दट्ट्या नाही, झडपा नाहीत. भुईमुगाच्या शेंगेसारखी, मध्ये किंचित दबलेली एक पोकळी; तिच्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण गरगरतो. कल्पना फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची. पण जिद्दीने ती संसाराला लावली हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीने. केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर १९६३ पासून राबले. त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या पोकळीच्या भिंतीवर ओरखडे काढीत. त्यांना ही मंडळी सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. ते सैतान आवरून १९६७ साली त्यांनी कॉस्मो ही गाडी बाजारात आणली. भाच्याची गाडी त्याच वंशातली, १९७८ ते १९८५ या पिढीची. पोकळ्या दोन, प्रत्येकी ५७३ घनसेंटिमीटरची. त्याने त्यातली एक पट्टी माझ्या तळहातावर ठेवली होती. जाडी अवघी तीन मिलिमीटर! अशा सहा पट्ट्यांवर सगळ्या गाडीची अब्रू.

इंजिन आपल्या ओढीने हवा घेते. टर्बोचार्जर बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावर पंखा फिरवून तीच हवा दाबून आत भरतो. सुपरचार्जर तेच काम इंजिनाच्या पट्ट्यावर करतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. हिशेब सरळ दिसतो. पण दाबलेली हवा तापते. पेट्रोल जरा कमी पडले की मिश्रण अवेळी, एकदम भडकते. त्या धक्क्याने पट्टीचा तुकडा उडतो, भिंत खरवडतो आणि बाहेर पडता पडता टर्बोच्या पंख्याचीही पाती फोडतो. माझ्या बहिणीला हे शिकवावे लागले नाही. करंजीत हावरेपणाने सारण कोंबले की मुरड सुटते. ती करंजी तर जातेच, वर कढईतले सगळे तूप नासते!

"पण कंपनीनेच टर्बो बसवला होता ना?" भाच्याचा हा हुकमी एक्का. बसवला होता, नाकारतो कोण? या इंजिनाचा धूर चांगला तापलेला आणि जोरकस असतो. टर्बोला तो मानवतो, हेही कबूल. १९८७ च्या अमेरिकेतल्या आरएक्स-७ मध्ये साधे इंजिन १४६ अश्वशक्तीचे होते, टर्बोचे १८२. परंतु कंपनीने नुसता पंखा टांगला नाही. तिने त्रिकोण बदलले, हवा दाबण्याचे प्रमाण ९.४ वरून ८.५ वर उतरवले, आत जाणारी हवा थंड करण्याची सोय केली, पेट्रोल मोजून फवारले. भाच्याच्या इंजिनाचे प्रमाण आहे ९.४, आणि पेट्रोल देणार जुना कार्ब्युरेटर! उदाहरण कंपनीचे द्यायचे आणि तिची पथ्ये तेवढी विसरायची, हा कुठला न्याय?

आणि मानाचाच प्रश्न असेल, तर १९९१ साली फ्रान्समध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणारी माझ्दा ७८७बी आठवा. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. तिच्यात चार त्रिकोण होते. टर्बो एकही नव्हता. आघाडीवरची टर्बोवाली मर्सिडीझ शेवटच्या काही तासांत बंद पडली होती.

शाळेत मी हेच पाहत आलो आहे. पोर आपल्या चालीने बरे शिकत असते; शेजारच्याचे पोर पुढे गेले म्हणून बाप तीन-तीन शिकवण्या कोंबतो, आणि ऐन परीक्षेत त्याची वाचा बसते. दोष पोराच्या कुवतीचा नसतो. बापाला मागे पडणे सोसत नाही, त्याचा असतो.

भाच्याचे शेवटचे उत्तर, "गाडी माझी आहे." आहे खरी. पण ज्या वस्तू पुन्हा घडणार नाहीत, त्यांचे आपण नुसते मालक नसतो. देवळातल्या गुरवासारखी आपल्यावर त्यांची पाळी आलेली असते. आधीच्याने जपली म्हणून तुला मिळाली, बाळ. आपल्या पाळीत मूर्ती भंगू देऊ नये, एवढेच मागणे.

वेगाची भूक आवरतच नसेल, तर मुळात टर्बोसाठी घडवलेले इंजिन आण आणि हे जुने कापडात गुंडाळून जपून ठेव. एवढी तडजोड मी करीन. पण गाडी आहे तशी राहिली, तर येत्या सुटीत येईन, तुझ्या शेजारी बसेन. आणि रस्त्यात कुणी आपल्यापुढे निघून गेला, तर दोघे मिळून त्याला जाऊ देऊ.