साइन म्हणजे सही

या वेळी रोजच्या वापरातले एक इंग्रजी क्रियापद घेऊ : साइन, म्हणजे सही करणे. सोसायटीचे कर्ज असो, खताची पावती असो की मुलाचे प्रगतिपुस्तक, कोणी तरी कागद पुढे सारतो आणि म्हणतो, 'साइन हिअर', येथे सही करा.

शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतले. तेथे सिग्नम म्हणजे खूण. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. लिहिताना त्यात जी हे अक्षर येते, पण बोलताना ते मुके राहते. 'सिग्नेचर', म्हणजे केलेली सही, या शब्दात मात्र ते ऐकू येते. आगगाडीचा सिग्नल आणि पाकिटावरचे सील हीही याच घराण्यातली.

पूर्वी इंग्लंडात लिहिता न येणारा माणूस कागदावर फुली काढी. आपल्याकडे मराठेशाहीतल्या कागदांवर पाटलाची निशाणी नांगर असे, शेट्याची तागडी. पुढे अंगठा आला. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टप्रमाणे, ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची खूण ही सहीच धरतात. तेव्हा 'मी नुसता अंगठा उठवला, सही कुठे केली?' हे म्हणणे चालत नाही.

आता वापर पाहू. 'साइन इन' म्हणजे हजेरीची सही. 'साइन फॉर' म्हणजे माल मिळाल्याची सही; पोती मोजल्याशिवाय ती करू नये. 'साइन अवे' म्हणजे सही करून आपला हक्क सोडणे. हा प्रयोग भगिनींनी ध्यानात ठेवावा. आपले हक्कसोडपत्र ते हेच. २००५ च्या कायदा-दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तो भावाला सोडायचा की नाही, हे तिने विचाराने ठरवावे. 'फेरफाराला कागद लागतोय, कर सही' एवढ्यावर तो जाऊ नये.

आपला 'सही' हा शब्द अरबीतल्या 'सहीह'वरून आला. त्याचा अर्थ खरे, बरोबर. म्हणजे सही करणारा 'वरील मजकूर बरोबर आहे' असेच सांगत असतो. मग तो मजकूर स्वतः वाचल्यावाचून, निदान शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घेतल्यावाचून, बरोबर म्हणायचा कसा? आणि कोऱ्या कागदावर तर बरोबर म्हणण्यासारखे काही नसतेच.