अनुदान कोणाचे आणि ताट कोणाचे?

कुंभकोणम्‌जवळचे तिरुविडैमरुदूर हे नाव मराठी वाचकास परके वाटेल. १७९८ साली ब्रिटिशांनी तंजावरच्या गादीवरून अमरसिंह भोसल्यांस दूर करून सरफोजींस बसविले. तो पदच्युत राजा याच गावी येऊन राहिला आणि १८०२ मध्ये वारला. भोसल्यांच्या छत्रांतून वाटसरूंना अन्न मिळे, व त्या खर्चासाठी जमिनींचे उत्पन्न कायमचे लावून दिलेले असे. आजच्या परिभाषेत यास दीर्घ मुदतीचे अनुदान म्हणावे लागेल.

हे आठवावयाचे कारण वर्तमानातील आहे. दूध, अंडी, मांस यांचा संपूर्ण त्याग करा असे सांगणारी ‘व्हीगन’ चळवळ आता एकेका वर्षाच्या देणग्यांवर समाधानी नाही. तिला अनेक वर्षांची अनुदाने हवी आहेत. या क्षेत्रातील एक मोठा दाता म्हणजे फेसबुकच्या संस्थापकांपैकी डस्टिन मॉस्कोविट्झ यांच्या संपत्तीवर चालणारी संस्था. तिची पशुकल्याणाची अनुदाने भारतापर्यंत पोहोचली आहेत.

दीर्घ मुदतीची मागणी मुळात गैर नाही. खाण्याच्या सवयी वर्षभरात बदलत नसतात, आणि दरवर्षी दात्याकडे अहवाल घेऊन धावणारा कार्यकर्ता लोकांत रुजत नाही. प्रश्न वेगळा आहे: असा कार्यकर्ता उत्तरदायी कोणास?

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. अनुवादास बसले की त्याची अडचण कळते. ‘शाकाहारी’ म्हणावे, तर आपल्याकडे त्यात दूध-तूप आलेच. तमिळमध्ये तर शाकाहारास शब्दच ‘सैवम्’, म्हणजे शैव. मांसाहार तो ‘असैवम्’. तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी देवालयाचा कारभार तिरुवावडुतुरैच्या शैव मठाकडे आहे. अशा ठिकाणी अन्नाचे नाव हेच पंथाचे नाव, आणि त्यामागे जातीची उतरंड उभी. लंडनमध्ये जो उपदेश निव्वळ भूतदयेचा वाटतो, तो येथील शेतमजुराच्या वस्तीत निराळाच ऐकू येतो.

कारण या वस्तीस पुण्यवान अन्नाचा अनुभव आहे. मठ-देवळांच्या आणि मिरासदारांच्या शेतांत भात पिकविणाऱ्या पण्णैयाळास चाबकाचे फटके आणि शेणाचे पाणी पाजणे या शिक्षा होत्या. बी. श्रीनिवास राव यांनी १९४० च्या दशकात येथे शेतमजुरांची संघटना बांधली, १९५२ साली पण्णैयाळ संरक्षणाचा कायदा झाला, आणि तरीही १९६८ च्या डिसेंबरात कीळवेण्मणी येथे ४४ दलित जाळले गेले. त्यांच्या लढ्याच्या मुळाशी मजुरीच्या भाताचे माप होते. तीही दीर्घ मुदतीचीच चळवळ. परंतु तिच्यामागे कोणा प्रतिष्ठानाचे अनुदान नव्हते.

आता महाराष्ट्राकडे पाहा. २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्यास एक अंडे देण्याचा निर्णय झाला; काही धार्मिक संघटनांनी विरोध केला; आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्यांसाठीचा निधीच थांबविला, हवे तर लोकवर्गणी काढा असे शाळांना सांगितले. तमिळनाडूत मात्र १९८९ साली पंधरवड्यास एक यापासून सुरू झालेले अंडे पुढे आठवड्यातून पाच दिवस मुलांच्या ताटात पडू लागले. मुंबईच्या सरकारला आठवड्याचे एक अंडे जड झाले! अशा वेळी त्या मुलाच्या ताटातून अंडे काढणे ही ‘प्रगती’ म्हणून अनुदानाच्या अहवालात नोंदली जाणार असेल, तर आमचा विरोध स्पष्ट आहे.

दुधाचेही तेच. २०२१ मध्ये ‘पेटा’ने अमूलला वनस्पतिजन्य पेयांकडे वळण्याचा सल्ला दिला, तेव्हा लाखो दूध-उत्पादकांच्या पोटाचे काय, हा प्रतिप्रश्न आला. एका गाईवर घरखर्च भागविणाऱ्या भूमिहीन बाईस सोयाबीनच्या दुधाचा कारखाना कोण काढून देणार? तो निघेल तो भांडवलदाराचा.

मात्र व्हीगनांची टवाळी करून मोकळे होणाऱ्या साथींशीही माझा मतभेद आहे. नामक्कलच्या पोल्ट्रीत कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत जन्म काढतात. विधी आयोगाने २०१७ च्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली होती. हे क्रौर्य नफ्याचे आहे, व तेथील कामगार आणि छोटा कंत्राटी शेतकरी त्याच नफ्याखाली दबलेले आहेत. तमिळ भूमीतच रामलिंग वळ्ळलार यांनी मांसाहाराचा निषेध केला. पण त्यांनी १८६७ साली वडलूरला प्रथम चूल पेटविली, जात न पाहता भुकेल्यास जेवू घालण्यासाठी. क्रम महत्त्वाचा आहे.

विदेशी अनुदाने बंद करा, अशी मागणीही आपण करता कामा नये. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीस विदेशी निधी देण्यास सरकारने मनाई केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आणली. ते हत्यार उद्या कोणावरही चालेल. मागावयाचे ते एवढेच: कावेरीच्या मुलुखात काम करू इच्छिणाऱ्या संस्थेने आपले हिशेब व उद्दिष्टे तमिळमध्ये गावापुढे ठेवावीत, दूध घालणाऱ्या बायकांच्या सभेत त्यांवर चर्चा होऊ द्यावी, आणि त्या बायकांनी नको म्हटले तर दात्यास तसे कळवावे.